फ्रीजवाल्यांची मॅट

उभ्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत माझ्या साडूंइतका संशयी माणूस आजवर झालेला नाही, आणि पुढं कुणी होईल असा संशय खुद्द त्यांनाही येत नाही. कुणाच्या मुलाला नोकरी लागली म्हणून पेढा हातावर ठेवला, तर ते तो आधी मधोमध फोडतात, आत बघतात, वास घेतात आणि मग अर्धा खाऊन अर्धा खिशात ठेवतात. लग्नाची पत्रिका आली की ‘ह्यांना आपलं काय काम पडलं आसंल?’ म्हणून दोन दिवस विचारात असतात. बसमध्ये कंडक्टरनं ‘बसा सर’ म्हटलं, तर बसण्याआधी सीट दाबून बघतात. पाण्याच्या बाटलीचं सील कानाजवळ नेऊन, ते तुटताना बरोबर आवाज येतो का हे ऐकतात. माझं मंचरला, बाजार समितीकडं जाणाऱ्या रस्त्यावर औषधांचं दुकान आहे. साडू महिन्यातून एकदा तरी तिथं क्रेप बँडेज आणि दुखण्यावरचा फवारा न्यायला येतात. खोक्यावरची तारीख आधी स्वतः वाचतात, मग मला मोठ्यानं वाचायला लावतात आणि मग शेजारी कांदा विकल्याच्या हिशेबाची पट्टी हातात घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी शेतकऱ्याला म्हणतात, “भाऊ, जरा बघा बरं काय लिव्हलंय.” मी एकदा चिडून म्हणालो, “साडूभाऊ, माझ्यावरही विश्वास नाही?” तर अतिशय प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “तुमच्यावर हाय की, पावणं. पन तुमाला जे सांगत्यात, ते तुमी कुठं तपासताय?”

तर असा हा माणूस डिंगोऱ्याच्या पलीकडच्या एका लहान कॉलेजात खेळाचा शिक्षक आहे. प्राचार्यांसमोर ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलतात, पण संशय आला की त्यांची भाषा गावाकडं वळते. आणि संशय रोजचाच असल्यामुळं आम्ही त्यांची गावाकडचीच भाषा ऐकत आलो आहोत. त्यांच्या कॉलेजचा क्रीडा विभाग म्हणजे जिन्याखालचं एक लोखंडी कपाट. मैदान आहे, पण लग्नसराईत तिथं वऱ्हाडाच्या गाड्या लागतात आणि दुसऱ्या दिवशी मुलींना सराव सोडून आधी पत्रावळी वेचाव्या लागतात. सभोवती ऊस, उसात बिबट्या, त्यामुळं सराव दिवस मावळायच्या आत आटपायचा. या एवढ्या संसारात साडूंनी मुलींचा कबड्डीचा संघ उभा केला होता. संघ म्हणजे जेमतेम सात जणी आणि आठवी आली तर सणच. जिल्ह्यातली इतर लहान कॉलेजं त्या संघाला टरकून असत. साडू मात्र म्हणत, “आपल्याला घाबरत्यात असं दाखवत्यात. काय तरी डाव आसनार.”

पण त्यांच्या संशयाचा खरा मुक्काम होता पुण्यात. तिथल्या एका मोठ्या कॉलेजच्या जिमखान्यात ते पूर्वी कधीतरी पंचांच्या बैठकीला गेले होते. परत आले ते सांगत, की तिथं खेळाडूंसाठी वेगळा फ्रीज आहे. खेळाडूच्या घोट्याला लागलं तर बर्फ पाहिजे, म्हणून फ्रीज! आमच्या प्राचार्यांच्या खोलीत माठ आहे, आणि त्याचं झाकण हरवल्याला जमाना झाला. त्या दिवसापासून साडूंनी त्या कॉलेजचं नाव टाकलं, ते फक्त ‘फ्रीजवाले’ म्हणू लागले. फ्रीजवाल्यांकडं गादीसारखी मॅट, बूट, मालिश करणारा माणूस, वेगळा डॉक्टर, हॉस्टेल, अंडी. हे सगळं ते मोठ्या बारकाव्यानं सांगत, आणि शेवटी म्हणत, “एवढं सगळं कशापायी? खेळायला दोन पाय लागत्यात, राव. बाकीचं झाकायला लागतं.” काय झाकायला, ते कधी सांगत नसत.

एके वर्षी या फ्रीजवाल्यांनी आपल्या मैदानावर निमंत्रितांची स्पर्धा ठेवली आणि साडूंच्या संघाला बोलावणं आलं. प्राचार्य हरखले. साडूंनी दोन रात्री विचार केला आणि माझ्या दुकानात येऊन निकाल सांगितला. “आपल्याला का बोलवलं ठावं हाय का? पयल्या फेरीत कुनाला तरी हरवायला लागतं. वाघाला सुद्धा शिकार शिकताना आधी शेळीच लागती.” मी म्हणालो, “मग जाऊ नका.” तर म्हणाले, “गेलो न्हाई तर म्हनतील भ्याले. त्यांना तेच पायजे आसंल.” अशा रीतीनं दोन्ही बाजूंनी डाव ओळखून ते निघाले, आणि प्रथमोपचाराचा माणूस म्हणून मला भाड्याच्या जीपमध्ये मुलींच्या पिशव्यांवर बसवलं. घरून पाण्याचे कॅन घेतले होते, कारण तिथलं पाणी प्यायचं नाही. केळी घेतली होती, कारण तिथली केळी खायची नाहीत. पोहोचल्यावर त्यांनी मॅटवर गुडघे टेकून ती बोटांनी वाजवून बघितली, आणि स्पर्धेचे स्वयंसेवक एकमेकांकडं बघू लागले.

आमच्या मुलींचा सगळा खेळ मातीतला, अनवाणी. मॅटवर बूट घालावे लागतात. कुणी भावाचे, कुणी शाळेतले पांढरे बूट घालून आलेल्या त्या पोरी मॅटवर अशा घसरत होत्या, की समोरच्यांना पकडायचे कष्टच पडले नाहीत. मला ते बघवेना. समोरच्या संघात आत सात आणि बाहेर बाकड्यावर पाच, सगळ्यांचे ट्रॅकसूट सारखे, सगळ्यांच्या वेण्या सारख्या. आमच्या बाकड्यावर मी आणि फवारा. आम्ही हरलो, सपाटून हरलो. पण त्या पडझडीत एक पोरगी शेवटपर्यंत उभी राहिली. ती सारिका.

सारिका डोंगरपट्ट्यातली. पश्चिमेला जिथं भातखाचरं संपून हिरड्याची झाडं लागतात, तिथल्या वस्तीवरची. सकाळी उतरण उतरून रस्त्याला यायचं, मिळेल ती गाडी धरून कॉलेजला यायचं आणि संध्याकाळी तेवढंच चढून जायचं. अंगानं काटकुळी, बोलायला मुखदुर्बळ. चढाईला मात्र अशी निवांत जायची, की समोरच्यांच्या अंगणात हिची काहीतरी वस्तू राहिली आहे आणि ही ती शोधायला आली आहे असं वाटावं. मुली तिच्याकडं बघत राहत आणि तेवढ्यात तिचा पाय कुणाला तरी शिवून मागं आलेला असे. त्या दिवशी तिनं मध्येच बूट काढायला परवानगी मागितली. पंचांनी नाही म्हटल्यावर ती नाडी घट्ट बांधून परत गेली आणि फ्रीजवाल्यांच्या दोन नावाजलेल्या मुलींना बाद करून आली. पलीकडं त्यांच्या प्रशिक्षक मॅडम उभ्या होत्या. त्यांनी गळ्यातली शिट्टी हातात घेतली आणि सारिकाकडं जरा जास्त वेळ बघितलं. ते बघणं माझ्या साडूंनी बघितलं. जीप चाकणच्या कोंडीत अडकली होती तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पावणं, नजर लागली.”

महिना-दोन महिन्यांनी फ्रीजवाल्यांकडून फोन आला. मॅडम बोलत होत्या. आमची नवी मॅट आली आहे, जुनी चांगल्या स्थितीत आहे, तुमच्या मुलींना सरावाला हवी असेल तर पाठवते. प्राचार्यांनी फोनवरच तीन वेळा आभार मानले. टेम्पो आला. निळ्या-पिवळ्या जाड चौकोनांची ती मॅट उतरवली गेली, प्राचार्यांनी तिच्यासोबत फोटो काढला आणि मुली तिच्यावर उड्या मारायला धावल्या. साडूंनी शिट्टी फुंकून सगळ्यांना बाहेर काढलं. “चांगली मॅट कोन देतंय फुकाट?” ते म्हणाले. “हिच्यात काय तरी खोट आसनार. आपल्या पोरींचे गुडघे गेले का ह्ये मोकळे.” प्राचार्यांनी समजावलं, मुली रडकुंडीला आल्या, मीही फोनवरून चार शब्द सांगून बघितले. साडूंचं ठरलं होतं, की तपासल्याशिवाय मॅटवर पोरीचं पाऊल पडणार नाही.

आता मॅट तपासायची कशी? हा प्रश्न पुण्यातल्या कुणाला पडला असता तर त्यानं एखाद्या तज्ज्ञाला बोलावलं असतं. माझ्या साडूंचे सख्खे भाऊ राजुरीला आहेत आणि त्यांचा संकरित गाईंचा मोठा गोठा आहे. आमच्याकडं नवीन काहीही, मग ती जमीन असो, चारा असो की जावई, आधी गाईच्या हिशेबानं बघायची रीत आहे. साडूंचा विचार असा, की पाच-पाचशे किलोची गाय जिथं घसरली नाही तिथं पन्नास किलोची पोरगी घसरणार नाही. त्यांनी मॅट टेम्पोत घालून राजुरीला नेली, भावाच्या गोठ्यातल्या काळ्या रबरी मॅट उचलून बाजूला टाकल्या आणि त्या जागी फ्रीजवाल्यांची मॅट अंथरली. “महिनाभर राहू दे,” भावाला म्हणाले. “कुठली गाय घसरती का, कुनाचा खूर सुजतो का, ध्यान ठेव.”

महिन्यानं ते मॅट आणायला गेले तर भावजय गोठ्याच्या दारात आडवी उभी. एकही गाय घसरली नव्हती. उलट ज्या गाई गुडघे दुखतात म्हणून उभ्याच असायच्या, त्या आता मजेत बसून रवंथ करत होत्या, आणि दूध वाढलं होतं. साडूंनी सांगितलं, ही कॉलेजची मॅट आहे, मुलींना सरावाला पाहिजे. भावजय म्हणाली, “भाऊजी, तुमच्या पोरी मॅटवर बसत्यात का? त्या पळत्यात. माझ्या गाई बसत्यात. मग गादीची गरज कुनाला?” साडूंनी भावाकडं बघितलं. सख्खा भाऊ जमिनीकडं बघत राहिला, कारण त्याला त्याच घरात जेवायचं होतं. शेवटी तडजोड अशी निघाली, की मॅट गोठ्यात राहील आणि गोठ्यातल्या रबरी मॅट कॉलेजला जातील. त्या धुतल्या, पुन्हा धुतल्या, कॉलेजच्या मैदानावर उन्हात टाकल्या, तरी पाऊस आला की त्यांना आपलं मूळ आठवे. मुली नाकाला ओढणी बांधून त्यांच्यावर बुटांचा सराव करू लागल्या. म्हणजे पुण्याच्या कबड्डीच्या मॅटवर राजुरीच्या गाई, आणि राजुरीच्या गाईंच्या मॅटवर आमच्या कबड्डीच्या पोरी. ही गोष्ट तालुकाभर झाली, फक्त पुण्याला कळली नव्हती आणि आमच्या प्राचार्यांना कुणी सांगितली नव्हती, ते मैदानाकडं फिरकतही नसत.

आणि एक दिवस मॅडम स्वतः आल्या. त्यांची चूक नाही, त्यांना वाटलं मुली मॅटवर कशा खेळतात ते बघावं. प्राचार्यांनी चहा दिला आणि मोठ्या अभिमानानं म्हणाले, “चला, तुमची मॅट दाखवतो.” मैदानावर काळं रबर बघून दोघंही थबकले. साडू खोटं कधी बोलत नाहीत. त्यांना वाटतं, खोटं बोललं की समोरच्याच्या हातात काहीतरी लागतं. त्यांनी सरळ सांगून टाकलं. मी त्या दिवशी बँडेज द्यायला म्हणून तिथं गेलो होतो, त्यामुळं मॅडमच्या गाडीत मागं बसून मीही राजुरीला गेलो. गोठ्यात निळ्या-पिवळ्या मॅटवर गाई बसल्या होत्या. एक पांढरी-काळी गाय अगदी कोपरा धरून, मान वर करून आमच्याकडं बघत होती. प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मॅडम तिच्याजवळ जाऊन म्हणाल्या, “हिनं कोपरा छान धरलाय. माझ्या मुलींना हेच सांगून सांगून थकले मी.” आणि त्या हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. भावजयीनं त्यांना खरवस दिला.

खरवस संपल्यावर वाटी खाली ठेवत मॅडम म्हणाल्या, “मॅटचं राहू द्या सर. मी सारिकासाठी आले आहे.” हॉस्टेल, फी, जेवण, बूट, दुखापत झाली तर उपचार, सगळं कॉलेज करील. पोरगी राज्याच्या संघात जाईल एवढी ताकदीची आहे, पण इथं राहून नाही जाणार. साडूंनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर संशय घेणाऱ्या माणसाचा एवढा मोठा संशय अक्षरन् अक्षर खरा ठरला, तर त्यानं मूठ आपटायला हवी होती. त्यांचा चेहरा मात्र असा पडला होता, की मला प्रथमच वाटलं, हा माणूस एवढे संशय घेत होता ते खोटे ठरावेत म्हणूनच घेत होता की काय.

त्यानंतर आठवडाभर त्यांनी जगाला शिव्या दिल्या. “बिबट्या बरा, राव. शेळी न्यायला येतो, शेळी नेतो आन् जातो. ह्ये गादी धाडत्यात, खरवस खात्यात आन् मंग पोरगी नेत्यात.” त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पोरगी शोधायची कुणी, घडवायची कुणी, आणि करंडक कुणाच्या कपाटात? आमच्या कपाटात लोखंडाशिवाय काही नव्हतं. सारिका गेली की संघ संपला, हे लहान पोरालाही कळत होतं. शिवाय त्यांचं एक वाक्य सारखं येई, “नेत्यात आन् बाकड्यावर बसवत्यात. खेळवायला नाय नेत, दुसऱ्याकडून खेळू नये म्हनून नेत्यात.” सारिका त्यांच्यासमोर उभी राहिली तेव्हा मी तिथंच होतो. ती खाली बघून म्हणाली, “सर, मला जायाचंय. पन तुमी नाय म्हनला तर नाय जानार.” साडू तिच्यावर खेकसले, “मी कोन सांगनार? तुझा बाप हाय का मी?” आणि मग जिन्याखालचं कपाट उघडून आत काहीतरी शोधत बसले. आत शोधण्यासारखं काही नव्हतं.

माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. त्या आठवड्यात ती आमच्याकडं आली होती. भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्यांना पन नेलं व्हतं पुन्याला. तरुन व्हते तवा. लई मोठ्या कॉलेजात. कोट घातलेला फोटू हाय, ट्रंकेत तळाला.” मी म्हणालो, “मग? खेळले ना?” अक्कानं मेथीची जुडी झटकली. “कुठलं. सगळी वर्सं बाकड्यावर. यकदा पन आत घेतलं न्हाई. घरी मात्र सांगायचे, आज अमक्याला हारवलं, आज तमक्याला.” माझ्या दुकानात दर महिन्याला तारखा तपासणारा हा माणूस खरं काय तपासत होता, ते मला त्या दिवशी थोडं कळलं, आणि मला त्यांची फार दया आली.

शेवटी त्यांनी ठरवलं, की आधी जाऊन बघायचं. सारिकाला आणि मला घेऊन ते पुण्याला गेले आणि त्या हॉस्टेलची जी तपासणी त्यांनी केली, तशी सरकारनंही कधी केली नसेल. खोलीची कडी आतून लावून, बाहेरून ढकलून बघितली. मला बाहेर उभं करून पुन्हा ढकलायला लावली. खानावळीतलं वरण चाखलं, आचाऱ्याला गाव विचारलं, नळ सोडून पाणी किती वेळ येतं ते बघत राहिले. मग जिमखान्यात गेले आणि तो सुप्रसिद्ध फ्रीज उघडला. आत बर्फ होता, पाण्याच्या बाटल्या होत्या आणि कुणाचा तरी जेवणाचा डबा. इतकी वर्षं मनात बाळगलेला फ्रीज एवढाच निघाला म्हणून ते थोडे हिरमुसलेही. मग मॅडमसमोर बसून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “हिला खेळवनार का बसवनार?”

मॅडमनी त्यांच्याकडं नीट बघितलं. “सांगता येणार नाही सर. आत सात जणी असतात, माझ्याकडं बारा आहेत. बाराही तुमच्या-माझ्यासारख्यांनी कुठून कुठून आणलेल्या. ही चांगली खेळली तर खेळेल. बसावंही लागेल. मी शब्द देत नाही.”

झालं, असं मला वाटलं. आता पोरीला घेऊन उठणार. साडू उठले खरे, पण फाटकापर्यंत चालत गेले आणि तिथं थांबून म्हणाले, “पावणं, ही बाई खरी वाटती.” मी चकित होऊन म्हणालो, “अहो, तिनं तर सरळ नाही म्हटलं!” “म्हनूनच,” ते म्हणाले. “शब्द दिला आसता, तर पोरगी आत्ताच माघारी नेली आसती. मला ज्यांनी नेलं व्हतं, त्यांनी शब्द दिला व्हता.” या विषयावर ते माझ्याशी बोलले ते एवढंच. सत्र सुरू झालं तेव्हा ते स्वतः सारिकाला सोडायला गेले. निघताना माझ्या दुकानातली बँडेजं तिच्या हातात कोंबून म्हणाले, “त्यांची वापरू नगं. आधी ही संपव. तारीख बघून घेतलीय.”

पुढच्या वर्षी फ्रीजवाल्यांची स्पर्धा आली आणि पहिल्याच फेरीत चिठ्ठी निघाली ती आमची आणि त्यांचीच. साडू म्हणाले, चिठ्ठ्या घडी करायच्या दोन पद्धती असतात. पण गेले. आमच्या संघात आता मनीषा नावाची राजुरीची एक धिप्पाड पोरगी कर्णधार होती, बाकीच्या नवख्या. रबरी मॅटवर वर्ष काढल्यामुळं निदान बूट घालून घसरत नव्हत्या. मैदानात गेल्या गेल्या साडूंनी समोरचा संघ बघितला नाही, बाकडं बघितलं. सारिका बाकड्यावर होती. ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, दोन्ही हात मांड्यांखाली. आम्हाला बघून उठायला गेली, मग आजूबाजूला बघून परत बसली. साडूंनी मान वळवली. मलाही त्या मॅडमचा राग आला. वाटलं, शब्द न देणं ही पण एक चलाखीच होती की काय.

पहिला डाव आम्ही हरत होतो, पण मागच्यासारखे नाही. समोरच्यांना सारिकाची गरज पडत नव्हती, एवढंच. मध्यंतरात मुली भोवती जमल्या. साडूंनी नेहमीसारखं समोरच्यांचे डाव सांगितले नाहीत. ते हळूच म्हणाले, “पोरींनो, त्या तिकडं आपली सारिका बसलीय. तिला उठवायची.” मुलींनी तिकडं माना वळवल्या. “तुमी असं खेळा, की त्या मॅडमला बाकड्याकडं बघावंच लागंल.” मनीषा म्हणाली, “पन सर, ती आली तर आपुन हरू.” “आत्ता काय जिकतोय व्हय?” साडू म्हणाले. मुली एकदम हसल्या.

त्यानंतर त्या पोरी ज्या खेळल्या, तशा त्या पुन्हा कधी खेळतील असं मला वाटत नाही. जिंकायला एवढा जीव माणूस लावत नाही. मनीषानं त्यांच्या सगळ्यात जाड मुलीचा घोटा धरला तो सोडलाच नाही. एकीच्या कोपराचं सालटं गेलं, मी फवारा घेऊन धावलो तर म्हणाली, “काका, मंग. आता न्हाई.” गुण चढत चढत जवळ आले. पलीकडं मॅडमनी फलकाकडं बघितलं. पुन्हा बघितलं. साडूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. आणि मॅडमनी मान वळवून बाकड्याकडं बघितलं.

सारिकानं चेन ओढून ट्रॅकसूट काढला. आत येताना वाकून रेषेला हात लावला, कपाळाला लावला आणि आमच्या बाजूला एकदाच बघितलं. ते बघणं साडूंना आवडलं नाही. त्यांना शेवटचा संशय आला, की ही आता माया करणार. ते उभे राहून ओरडले, “सारिके, हयगय केलीस तर बघ!” पंचांनी त्यांना ताकीद दिली. समोरच्या संघाच्या खेळाडूला नीट खेळायला लावल्याबद्दल ताकीद मिळालेला प्रशिक्षक त्या पंचांनी दुसरा बघितला नसेल. सारिकानं हयगय केली नाही. ती तशीच निवांत आली, काहीतरी शोधत असल्यासारखी, आणि आमच्या मुली एकेक करून बाहेर बसत गेल्या. शेवटच्या चढाईत तिनं मनीषाला बाद केलं. आम्ही हरलो. मनीषा घामानं निथळत, लंगडत आमच्याकडं आली आणि म्हणाली, “सर, उठवली का नाय?” साडूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

लोक पांगले, दुसऱ्या सामन्याला वेळ होता. मी फवारा, कापूस पिशवीत भरत होतो. वर बघितलं तर साडू मॅट ओलांडून पलीकडं गेले होते. त्यांनी फ्रीजवाल्यांचं रिकामं बाकडं हलवून बघितलं. मग त्यावर बसले. मी जाऊन शेजारी बसलो. “लोखंडाचं केलंय,” ते म्हणाले. “आमच्या टायमाला लाकडाचं व्हतं.” तेवढ्यात सारिका जिमखान्यातून धावत आली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती, फ्रीजमधली, बाहेरून घाम सुटलेली. ती वाकून पाया पडली आणि बाटली पुढं केली. साडूंनी झाकण फिरवलं आणि अर्धी बाटली एका दमात प्यायले. सील त्यांनी कानाजवळ नेलं नाही. मी ते बघत होतो.

परत येताना मुली जीपमध्ये जिंकल्यासारख्या गात होत्या. मॅट अजून राजुरीलाच आहे आणि साडू अजून माझ्या दुकानात येऊन तारखा तपासतात, त्यात काही फरक पडलेला नाही. पण त्या संध्याकाळी मंचरला गाड्यांच्या रांगेत जीप उभी होती, मला उतरायचं होतं, आणि ते खिडकीबाहेर बघत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “पानी चांगलं गार व्हतं, पावणं.”